बायकांचा सामना बघायला येतं कोण?

संयोजकांनी मला विषय दिला आहे 'स्त्रिया आणि खेळ'. या विषयावर बोलायचं म्हटलं की आपण खेळणाऱ्या मुलींबद्दल बोलतो. वयात आली की मैदान बंद, लग्न ठरलं की सराव बंद, संध्याकाळी सोबत कोण जाणार, कपडे कसले घालणार. हे सगळं खरं आहे आणि इथं बसलेल्या प्रत्येकीला ते तोंडपाठ आहे. मी आज खेळ बघणाऱ्या बाईबद्दल बोलणार आहे. पदरचे पैसे घालून तिकीट काढणारी, प्रवास करून दुसऱ्या बायकांचा खेळ बघायला जाणारी बाई. ती आपल्याकडे कमी दिसते. आणि ती दिसत नाही, हेच कारण सांगून मुलींना चांगलं मैदान, चांगली वेळ नाकारली जाते.

२०२४ च्या जानेवारीत मी अमेरिकेत भाचीकडे होते. ती ऱ्होड आयलंड राज्यात प्रॉव्हिडन्सला राहते. तिची दहा वर्षांची मुलगी आइस हॉकी खेळते. आपली हॉकी हिरवळीवरची, ही बर्फावरची. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूच्या जागी काळी रबरी चकती. तिला पक म्हणतात. वेग असा की पहिली दहा मिनिटं मला पक कुठं आहे तेच कळेना, मी आपली बाकीचे लोक मान वळवतील तिकडं बघत होते.

तर ही नात एक दिवस शाळेतून नाचतच घरी आली. बॉस्टनला मुलींच्या बीनपॉट स्पर्धेचा अंतिम सामना यंदा टीडी गार्डनमध्ये आहे, आजी, आपण जायचंच!

बीनपॉट म्हणजे घेवड्याची हंडी. बॉस्टनचे लोक घेवडा काकवी घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, त्या हंडीवरून स्पर्धेला हे नाव पडलं. शहर आणि परिसरातली चार कॉलेजं त्यात खेळतात: हार्वर्ड, बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज आणि नॉर्थईस्टर्न. पुरुषांची स्पर्धा १९५२ साली सुरू झाली. ती शहराच्या सगळ्यात मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात होते. फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार तिच्यासाठी राखलेले असतात. मुलींची स्पर्धा १९७९ पासून आहे, पण ती व्हायची आळीपाळीने कॉलेजांच्या आपापल्या रिंकवर. टीडी गार्डनमध्ये हॉकीला सतरा हजारांवर माणसं बसतात. तिथं मुलींचा अंतिम सामना पहिल्यांदा झाला २३ जानेवारी २०२४ ला. हंडी तीच, कॉलेजंही तीच. मोठ्या घरात यायला मुलींना चाळीस वर्षांवर लागली.

तिकीट काढायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, खिडकीवर जायचं, पैसे द्यायचे. तसं काही नाही. तिकीट फोनवर, पैसे कार्डानं. कागद हातात येतच नाही. भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे फोन नसता आणि कार्ड नसतं, तर तू या शहरात दारातसुद्धा उभी राहू शकली नसतीस." मग तीच सांगत होती की अमेरिकेत १९७४ साली कायदा होईपर्यंत बँका बाईला स्वतःच्या नावावर कार्ड द्यायला नवऱ्याची सही मागायच्या. म्हणजे सामन्याच्या दारात पोचायच्या आधी किती दारं असतात बघा! तिकिटाच्या किमतीवर वर सेवाशुल्क लावत, ते तेव्हा शेवटच्या पानावर कळायचं. तरी पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या मानानं आमचं तिकीट बरंच स्वस्त होतं. एका तिकिटात दोन सामने, आधी तिसऱ्या क्रमांकाचा, मग अंतिम. भाचीला याचा आनंद झाला, मला निम्माच झाला. बाईचा खेळ स्वस्त असला तर घरातल्या चौघी जाऊ शकतात हे खरं. पण स्वस्त म्हणजे हलका असंही लोक धरून चालतात, तेही तितकंच खरं.

गार्डनचा एक नियम मात्र सांगते, कारण त्यावर आम्ही गाडीत अर्धा तास बोललो. आत पिशवी नेता येत नाही. तळहाताएवढं पाकीट चालतं, त्याहून मोठं काही नाही. औषधांच्या आणि लहान बाळाच्या पिशवीला तेवढी सूट, तपासून. सुरक्षेसाठी नियम आहे, मान्य. पण पुरुष कोटाच्या खिशात सगळं कोंबून आत जातो. बायकांच्या कपड्यांना खिसे शिवायचे नाहीत आणि पिशवीही आणू द्यायची नाही, मग पाळीतल्या मुलीनं काय करायचं? भाचीनं नवऱ्याचा जुना कोट घातला, त्याला सहा खिसे होते. नवरा त्या दिवशी घरी होता, खिचडी लावायला. (हा एक चांगला नियम त्यांच्या घरात आहे.)

प्रॉव्हिडन्सहून बॉस्टनला लोकल जाते. बॅक बे स्टेशनला उतरायचं, ऑरेंज लाइन धरायची, नॉर्थ स्टेशनला बाहेर पडायचं. खाली स्टेशन, त्याच्याच डोक्यावर गार्डन. कडाक्याच्या थंडीतून चालावं लागतच नाही म्हणा ना. मी हे मुद्दाम सांगते आहे. तीन पिढ्यांच्या तीन बायका, बरोबर पुरुष नाही, रात्री सामना संपल्यावर दुसऱ्या राज्यात परत जाणार, हे जमलं ते गाडीमुळे. सामना कुठं ठेवता आणि तिथून घरी जायची शेवटची गाडी कितीला, यावर बघायला कोण येणार हे ठरतं. आपल्या सभांचाही अनुभव हाच आहे. पाचची एसटी चुकणार असेल तर बाई साडेचारलाच चुळबुळ करायला लागते.

आत गेलो आणि नात गप्पच झाली. बोलकी पोर, पण गप्प. सगळीकडे तिच्याएवढ्या मुली. गावोगावच्या मुलींचे संघच्या संघ आले होते, आपापले रंगीत जर्सी घालून, शिरस्त्राणाखालून वेणी बाहेर काढायची ती जागा कशी बांधायची हे एकमेकींना दाखवत. आकडा नंतर जाहीर झाला: १०,६३३ प्रेक्षक. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. त्या तरुणपणी कॉलेजात हॉकी खेळल्या होत्या. भावाचे बूट, पुढं कापूस कोंबलेला, आणि बर्फ मिळायचा रात्री अकरानंतर, मुलगे घरी गेल्यावर. सामन्यातला निम्मा वेळ त्या बर्फाकडे बघतच नव्हत्या. मागं वळून वरच्या रांगांकडे बघत होत्या. अंतिम सामना बरोबरीत गेला, जादा वेळ खेळला गेला आणि नॉर्थईस्टर्नच्या मुलींनी बॉस्टन युनिव्हर्सिटीला हरवलं. आम्हाला घड्याळाचीही धास्ती होती. पण कोण उठणार?

आता मूळ मुद्द्याकडे येते. 'बायकांच्या खेळाला प्रेक्षक नाही' हे वाक्य फार जुनं आहे, आणि त्याला एक थोरली बहीण आहे: 'बायकांना खेळात रसच नाही'. या थोरल्या बहिणीला न्यायालयात उत्तर मिळालं ते प्रॉव्हिडन्सच्याच ब्राउन विद्यापीठाच्या खटल्यात. गंमत अशी की अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा पहिला आइस हॉकी संघ याच ब्राउनच्या पेम्ब्रोक या मुलींच्या कॉलेजात १९६४ साली उभा राहिला. पुढं १९७२ साली 'टायटल नाइन' कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्यात खेळ हा शब्दसुद्धा नाही. १९९१ मध्ये ब्राउननं खर्च कमी करायचा म्हणून दोन पुरुषांच्या आणि दोन मुलींच्या संघांचा पैसा काढून घेतला. दिसायला समान न्याय. पण विद्यार्थ्यांत मुली जवळजवळ निम्म्या आणि खेळाडूंत त्याहून बऱ्याच कमी होत्या. जिम्नॅस्टिक्स आणि व्हॉलीबॉलच्या मुली १९९२ मध्ये कोर्टात गेल्या. विद्यापीठाचा बचाव होता की मुलींना मुलांइतका रस नसतो. १९९६ मध्ये अपील न्यायालयानं तो फेटाळला. आवड आणि कौशल्य पोकळीत वाढत नाहीत, संधी आणि अनुभव मिळेल तशी ती वाढतात, असा त्या निकालाचा आशय आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाचं अपील ऐकायला नकार दिला.

हॉकीचा स्वतःचा खटला न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाचा. तिथं मुली स्वतःचा क्लब चालवत. पुरुषांच्या संघावर वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर खर्च, मुलींच्या क्लबला पाच हजारसुद्धा नाहीत. आम्हाला विद्यापीठाचा अधिकृत संघ करा, असे त्यांचे अर्ज वर्षानुवर्षं फेटाळले गेले. १९९२ मध्ये न्यायालयानं मुलींच्या बाजूनं निकाल दिला. १९९३ मध्ये वरच्या न्यायालयानं तो रद्द केला. का, तर खटला चालेपर्यंत त्या मुलींचं शिक्षण संपत आलं होतं, आता त्या कोलगेटसाठी खेळणार नव्हत्या! मैत्रिणींनो, तारखा पडत राहिल्या की बाईचं वय निघून जातं, हे आपल्याला पोटगीच्या दाव्यांत रोज दिसतं. मागून आलेल्या मुलींनी नवा दावा लावला आणि १९९७ मध्ये संघाला मान्यता मिळवली. पहिल्या मुलींना त्यातला एकही सामना खेळता आला नाही.

थोरल्या बहिणीचं उत्तर धाकटीलाही लागू आहे. प्रेक्षकसुद्धा पोकळीत वाढत नाही. अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांची मिळून जी राष्ट्रीय स्पर्धा होते ती पुरुषांची १९४८ पासून आहे, मुलींची २००१ पासून. २०२४ मध्ये पुरुषांचे शेवटचे सामने सेंट पॉल शहरातल्या अठरा हजारांच्या क्रीडागृहात झाले. त्याच वर्षी मुलींचे झाले न्यू हॅम्पशरमधल्या डरहॅम या छोट्या गावी, विद्यापीठाच्या रिंकवर. २०२५ मध्ये मुलींचे सामने मिनिआपोलिसला रिडर अरीनात झाले. हा रिंक २००२ मध्ये खास मुलींच्या हॉकीसाठी बांधलेला, त्याचा अभिमान वाटावा असाच. पण माणसं बसतात साडेतीन हजारांच्या आतबाहेर. त्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनच्या मुलींनी वीस सेकंदांहून कमी वेळ उरलेला असताना बरोबरी केली आणि जादा वेळेत ओहायो स्टेटला ४-३ असं हरवलं. साडेतीन हजारांच्या जागेत साडेतीन हजारच माणसं मावणार. उद्या तोच आकडा दाखवून कोणी म्हणेल, बघा, पुरुषांना अठरा हजार येतात!

तिथल्या बायकांना हे बोलून मिळालेलं आहे, आपोआप नाही. २०२१ मध्ये एका बास्केटबॉलपटू मुलीनं मुलींच्या आणि पुरुषांच्या व्यायामखोलीतला फरक फोनवर चित्रित करून जगाला दाखवला, त्यावरून गदारोळ झाला, चौकशीचा अहवाल आला. त्यानंतर २०२२ मध्ये हॉकीतही मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेतले संघ आठाचे अकरा झाले. पुरुषांचे सोळा आहेत ते आहेतच.

आपल्याकडे नवी मुंबईत डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया महिलांचे क्रिकेट सामने झाले, प्रवेश फुकट होता आणि स्टेडियम भरलं. २०२५ च्या विश्वचषकात तिथंच तिकीट लावलं, शंभर रुपयांपासून, आणि अंतिम सामन्यालाही लोक आले. माझं मत विचाराल तर मी तिकिटाच्या बाजूची आहे. फुकट ठेवलं की आलेल्यांची मोजदाद होत नाही, आणि मोजदाद नसली की पुढच्या वर्षी बोलायला हातात काही राहत नाही.

आता आमच्या तालुक्याचं. तिथं एक मंडळ दरवर्षी कबड्डीच्या स्पर्धा भरवतं. पुरुषांचे सामने रात्री, दिव्यांच्या झगमगाटात, समालोचक, पेढे-नारळ. मुलींचे सामने दुपारी एकला, उन्हात. खुर्च्या तेव्हा मांडलेल्याही नसतात. आम्ही विचारलं तर उत्तर तेच: बायकांचं बघायला येतं कोण? दुपारी एकला बाई शेतावर असते किंवा भांड्यांवर. येणार कोण आणि कशी? २०२५ मध्ये आम्ही पाच गावांतून दोन टेम्पो केले, दीडशेवर बायका नेल्या, दहा रुपयांचं तिकीट आमचं आम्ही छापलं आणि त्याची मूळप्रत कमिटीच्या हातात ठेवली. एका दिवसापुरते मुलींचे सामने संध्याकाळी सातला लागले. मुतारीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मैदानाशेजारच्या शाळेचं कुलूप रात्री उघडत नाहीत, आणि बायका दुपारपासून पाणी न पिता येतात.

यंदा आम्ही तीन मागण्या लेखी दिल्या आहेत: उपांत्य आणि अंतिम सामने रात्री, शाळेची किल्ली, आणि साडेनऊची शेवटची एसटी त्या दोन दिवसांपुरती साडेदहाला सोडणं. आगार व्यवस्थापकांनी पत्र ठेवून घेतलं आहे, पोच दिली आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या ज्या बाया येणार असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं आणि गाव लिहून द्यावं. किती जणी त्या गाडीनं परत जाणार, तो आकडा मला सोमवारी आगारात नेऊन द्यायचा आहे.