वॉर्ड खुला झाला, आता पुन्हा उभं राहायचं का?



आम्ही पाचजणी आहोत, तीन गावांतल्या. पाचहीजणी आपापल्या ग्रामपंचायतीत सदस्या आहोत आणि आता आमची पाच वर्षं संपत आलीत. निवडणूक तोंडावर आहे. गावाचं नाव किंवा पॅनेलचं नाव आम्ही आज घेणार नाही. हा रेडिओ सगळ्यांचा आहे, इथून मतं मागायची नसतात. पण यंदा आमच्या दारात एक प्रश्न येऊन उभा आहे. तो उद्या तुमच्याही दारात येईल, म्हणून तो बोलून दाखवायचाय.

गेल्या वेळी आमचे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते. या वेळी ग्रामसभेत लहान मुलाच्या हातानं चिठ्ठ्या काढल्या, आणि आमच्यातल्या चौघींच्या वॉर्डांतलं आरक्षण निघालं. त्याच संध्याकाळपासून सांगणं सुरू झालं. "वहिनी, तुमचा नंबर झाला. आता गड्यांना जागा द्या." कुणी रागानं म्हणत नाही. मायेनंच म्हणतात, "लई पळालात पाच वर्षं, आता जरा विसावा घ्या." घरातही तेच बोलणं. दिराला उभं राहायचंय, पुतण्याला उभं राहायचंय. आणि आपल्यालाही क्षणभर वाटून जातं, की जागा बाईची होती म्हणून आपण होतो, आता ती बाईची राहिली नाही.

इथंच नीट समजून घ्यायला हवं. राखीव जागेवर फक्त बाई उभी राहू शकते. पण खुल्या जागेवर फक्त गडीच उभा राहील, असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. गावच्या मतदार यादीत नाव असलं, एकवीस वर्षं पूर्ण असली आणि कायद्यानं अपात्र ठरत नसलो, तर आपण उभ्या राहू शकतो. आपल्या वॉर्डातूनच उभं राहिलं पाहिजे असंही नाही, गावातल्या दुसऱ्या वॉर्डातूनही राहता येतं. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या. निम्म्या जागा म्हणजे त्याहून कमी बायका नसाव्यात, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून जास्त नसाव्यात, असा नाही.

आणि आरक्षण नव्हतं तेव्हाही बाया निवडून आल्यात. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ साली, घटनादुरुस्तीच्या आधीच, ग्रामपंचायतीच्या सगळ्या जागांवर बायका आल्या. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं ती उमेद दिली होती. पुढे त्या गावात लक्ष्मीमुक्तीचं काम झालं, कितीतरी घरांत जमिनीचा तुकडा घरच्या बाईच्या नावावर झाला. त्या बायांना चिठ्ठीनं जागा दिली नव्हती. गावानं मत दिलं होतं.

आता कुणी विचारेल, पण पुन्हा उभं राहायचं कशाला? मान मिळतो म्हणून? सदस्याला मिळणारा बैठक भत्ता चहापाण्यात आणि तालुक्याच्या एसटीत संपतो. आम्ही पुन्हा उभं राहायचं म्हणतो ते दुसऱ्याच कारणासाठी. हे काम शिकायला वेळ लागतो, आणि आमचं शिकून झालंय.

पहिलं वर्ष नुसतं शब्द समजण्यात जातं. मासिक सभा म्हणजे काय, प्रोसिडिंग बुकात ठराव कसा लिहितात, सूचक कोण, अनुमोदक कोण. नमुना आठ म्हणजे घरांची नोंद आणि कर आकारणी, नमुना नऊ म्हणजे कराची मागणी. रस्ता करा म्हटलं की रस्ता होत नाही. आधी तो गावाच्या आराखड्यात पाहिजे, मग एस्टिमेट, मग मंजुरी, मग काम, मग मोजमाप, आणि मग बिल. यातली एक पायरी चुकली की काम वर्षभर मागं पडतं. दुसऱ्या वर्षी आपण सभेत बोलायला लागतो. तिसऱ्या वर्षी आपलं बोलणं कागदावर यायला लागतं. चौथ्या-पाचव्या वर्षी काम दिसतं. आणि नेमकं तेव्हाच म्हणतात, नंबर झाला.

पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के भाग बांधलेला होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला चाळीस टक्के गावानं ठरवून वापरायचा. हे ठाऊक नसलं की कुणी म्हणतं "पैसाच नाही" आणि आपण गप्प बसतो. ठाऊक असलं की विचारता येतं, "पाण्याचा हिस्सा किती आला, त्यातला किती शिल्लक आहे?" पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. आमच्या एका गावात ते वर्षानुवर्षं कागदावरच फिरत होते. आम्ही मासिक सभेत तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा ते प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावलं. त्या वर्षी अंगणवाडीत पोरांना बसायला सतरंज्या आल्या आणि पाण्याचा फिल्टर बसला. काम लहान आहे. पण पोरं खाली फरशीवर बसत होती, ती आता बसत नाहीत.

गावची सेवा म्हणजे बहुतेक अशीच असते. फोटो काढण्यासारखी नसते. पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली का, हे कोण विचारतं? शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट घेतली का, पाण्याला पिवळा रंग आला का, हे कोण पाहतं? आमच्यातल्या एकीच्या गावात पावसाळ्यात खालच्या आळीत जुलाब सुरू झाले. आशाताईंनी घरं मोजली तेव्हा दिसलं, की सगळी घरं एकाच पाइपलाइनवरची. ती लाइन गटारातून गेलेली आणि सांध्याला फुटलेली. गळती त्याच दिवशी बुजवली. पण लाइन गटाराच्या बाहेर काढायला पुढचा उन्हाळा उजाडला, कारण ठरावापासून बिलापर्यंत प्रत्येक कागदामागं जावं लागलं. आज तिथं लाइन वरून जाते. त्याला ना कोनशिला आहे, ना कुणाचा फोटो. आळीतल्या आया मात्र जाणतात.

घराच्या नोंदीचंही सांगतो. नमुना आठला घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येतं, शासनाचा तसा निर्णय जुनाच आहे. पण बाई स्वतः अर्ज घेऊन येत नाही तोवर कोण लावतंय? आम्ही गटागटांत फिरलो, अर्ज भरून घेतले. ज्या बाईचं नाव घरावर लागलं, तिला "माझ्या घरातून नीघ" म्हणताना माणूस आता दोनदा विचार करतो. एवढं तर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

पंचायत ठरवते तेव्हा नळ-गटारापलीकडचंही ठरवू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे प्रथा एका रात्रीत गेली असं नाही. पण जिला त्या दिवशी नाही म्हणायचंय, तिच्या पाठीशी गावाचा कागद उभा राहिला.

आता दुसरी बाजू. पाच वर्षं काम केलं म्हणून पुन्हा मत द्या, एवढं म्हणून चालत नाही. काम केलं म्हणजे हिशोब द्यायला पाहिजे. म्हणून आम्ही पाचजणींनी असं ठरवलंय, की अर्ज भरण्याआधी प्रत्येकीनं एक कागद करायचा आणि आपल्या वॉर्डातल्या गटांपुढं वाचायचा. किती मासिक सभा झाल्या, त्यातल्या कितींना हजर होतो. कोणते ठराव मांडले. त्यातलं काय झालं. काय राहिलं आणि का राहिलं. कामाचा पैसा कुठून आला.

राहिलेलंही लिहायचं. खालच्या वस्तीचा रस्ता आमच्याच्यानं झाला नाही. जमीन द्यायला एक घर तयार नाही, पाच वर्षं बैठका घेतल्या तरी नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला अजून खाटेवरून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. हे सांगताना घसा कोरडा पडतो. पण मत मागायला त्या वस्तीत जायचं, तर हे आधी बोलूनच जावं लागेल.

आणि बायांनो, आमच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पंचायतीला काय मिळालं आणि कशावर खर्च झालं, हे ई-ग्रामस्वराजवर मोबाइलमध्ये दिसतं. शाळेतल्या लेकीला सांगा, ती काढून देईल. प्रोसिडिंगची नक्कल माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागता येते. जी बाई हिशोब द्यायला घाबरते, तिला बाई म्हणून मत देऊ नका. जो गडी हिशोब मागितला की हसतो, त्यालाही देऊ नका.

आणखी एक. "गाव बिनविरोध करू" असं म्हणतात तेव्हा कान टवकारा. मनानं एकमत झालं तर चांगलंच आहे. पण देवळात बसून पदाची बोली लावली, तर तो सौदा झाला. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथली निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं याच कारणानं रद्द केली. बोलीचा पैसा देवळाच्या कामाला गेला तरी त्यानं आपलं मत विकत घेतलेलं असतं. आणि बोली लागते तिथं बाई मागंच पडते, कारण तिच्या हातात पैसा नसतो.

ज्यांच्या मनात उभं राहायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मतदार यादीतलं आपलं नाव आजच तपासा. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे मुलं दोनाहून जास्त झाली असतील तर अपात्रता येते, ते आधीच पाहा. जातीच्या राखीव जागेवरून लढत असाल तर जात पडताळणीचे कागद वेळेत लावा. पंचायतीच्या ठेक्यात सदस्याचा सरळ किंवा आडून हितसंबंध चालत नाही, म्हणून घरातलं कुणी ठेके घेत असेल तर आधी नीट विचारून घ्या. आणि निवडून आला किंवा पडलात, तरी निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. तो न दिल्यामुळे कितीजणी पुढच्या वेळेला बाद झाल्यात.

आम्ही पाचहीजणी उभ्या राहू का? तिघींचं ठरलंय. एकीच्या घरी अजून बोलणं चाललंय. पाचवी म्हणते, "माझी तब्येत साथ देत नाही, पण जी नवी उभी राहील तिला मी सगळे कागद शिकवीन." तेही गावचंच काम आहे. आम्ही पडूही. खुल्या वॉर्डात लढत अवघड असते, हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण पडलो तर मतं कमी पडली म्हणून पडू, नंबर झाला म्हणून घरी बसणार नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हा कायदाच आहे. पुढची महिला सभा कधी आहे ते पंचायतीत जाऊन विचारा, आणि आपल्या गटातल्या किमान दहाजणींना घेऊन जा. तुमच्या वॉर्डातली सदस्या, बाई असो की गडी, तिथं समोर बसलेली असेल. तिला विचारा, पाच वर्षांत काय केलंत? आम्हालाही विचारा. आम्ही कागद घेऊन येतो.