दाण्यातील ओल आणि घरातील भाकर

धान्याचे मोल वजनावर ठरते, अशी शहरातील पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पोते काट्यावर चढण्यापूर्वी व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरून पाहतो, अथवा ओलावा मोजण्याच्या यंत्रात घालतो. आणि शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या श्रमांचे मोल बहुतांशी त्या क्षणीच ठरून जाते.

मराठवाडा व विदर्भ येथील सोयाबीनचेच उदाहरण घ्यावे. पीक काढणीस येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस त्यास पुष्कळदा गाठतो. हमीभावाने घ्यावयाच्या सोयाबीनमध्ये शेकडा १२ हून अधिक ओलावा असू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. परंतु ओल्या मालाची अडचण एवढी झाली की, नोव्हेंबरात केंद्र सरकारने ही मर्यादा त्या हंगामापुरती शेकडा १५ पर्यंत वाढविली.

येथे थोडे गणित करून पाहू. शेकडा १८ ओलावा असलेल्या एका क्विंटलमध्ये कोरडा अंश ८२ किलो असतो. तोच माल शेकडा १२ ओलाव्यापर्यंत वाळविला तर सुमारे ९३ किलो भरतो. म्हणजे खरी घट ७ किलोंची. वरील हमीभावाने ह्या ओल्या क्विंटलचे मोल सुमारे ४,५५० रुपये होते. वाळवणीचा खर्च व नासाडीचा धोका ह्यांपोटी व्यापाऱ्याने आणखी थोडे कापले, तर ते समजण्याजोगे आहे. परंतु त्यापलीकडे जे कापले जाते ती शेतकऱ्याच्या निकडीची किंमत होय.

मग त्याने माल वाळवून का विकू नये? दोन एकरांच्या धन्यापाशी पक्के खळे नसते, पुरेशी ताडपत्री नसते, आणि बियाणे-खतांची उधारी दाराशी उभी असते. दिवाळी तोंडावर असते, रब्बीची पेरणीही खोळंबलेली असते. मालाची प्रत केवळ मेहनतीने टिकत नाही. तिला थांबण्याची ऐपतही लागते.

ह्या तोट्याचा शेवट चुलीपाशी होतो. सोयाबीनच्या पैशातूनच तेल, गहू व डाळ घरात यावयाची असते. खरीप ज्वारीची कथा आणखी निराळी. दाणा भरताना पाऊस लागला की कणसे बुरशीने काळी पडतात. अशा ज्वारीस बाजारात भाव नाही. म्हणून बरा दाणा विकला जातो आणि काळा घरच्या भाकरीस अथवा गुरांच्या वाट्यास येतो. काही बुरशींपासून विषारी द्रव्ये निर्माण होतात, ही गोष्ट येथे विसरता येत नाही.

तिसरे नुकसान पुढील वर्षाचे. सोयाबीन स्वपरागित असल्याने घरचे बियाणे राखता येते. परंतु ओला साठविलेला, किंवा मळणीयंत्राच्या अति वेगाने फुटलेला दाणा नीट उगवत नाही. प्रमाणित बियाण्यास शेकडा ७० उगवण आवश्यक धरतात; घरचे बी तेथवर पोहोचले नाही, तर पुन्हा बियाण्याच्या दुकानाची उधारी आलीच.

उपाय अवघड नाहीत. पातळ थर देऊन उन्हात वाळवण, मळणीयंत्राचा वेग कमी ठेवणे, जमिनीपासून उंच फळ्यांवर पोती रचणे, आणि गावोगावी ओलावा मोजण्याचे यंत्र असणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या, १९९०-९१ पासून चालू असलेल्या, शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत कर्ज मिळू शकते. मात्र गोदामात जाणारा मालही आधी कोरडाच असावा लागतो. तेव्हा लहान शेतकऱ्यास पहिली मदत हवी आहे ती पाऊस उघडल्यानंतरच्या त्या चार-आठ दिवसांत: माल पसरण्यास जागा, झाकण्यास ताडपत्री, आणि सावकाराच्या तगाद्यावाचून थांबण्याइतका धीर.