छपरावरची वीज

गच्चीवरच्या उन्हाची किंमत घरातल्या गृहिणीने फार पूर्वीच ओळखली होती. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे गहू हे सारे ती त्याच्या हवाली करीत असे. आता त्याच गच्चीवर गडद निळ्या रंगाच्या सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत आणि तेच ऊन घरातला पंखा फिरवू लागले आहे.

प्रकाशापासून वीज निर्माण होते, हे फ्रान्समधील एडमंड बेकेरेल याने १८३९ साली पाहिले. परंतु व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ साली सिद्ध केला. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा सहा भागांचीच त्यातून वीज होई. आजच्या चांगल्या पट्ट्यांत हे प्रमाण विसाच्या वर गेले आहे. ही वीज उन्हाच्या तापाने नव्हे, तर प्रकाशाने निर्माण होते. किंबहुना पट्टी तापली की तिची वीज थोडी घटतेच.

एक किलोवॅटचा संच आपल्या देशात दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. पण ती मिळते भर दुपारी, जेव्हा घरातील माणसे कामावर गेलेली असतात. आणि दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर. ही अडचण दोन रीतींनी सुटते. एक तर वीज बॅटरीत साठवावी, किंवा दुपारची शिल्लक वीज कंपनीच्या तारेत सोडावी आणि रात्री तेथूनच परत घ्यावी. हा जमाखर्च दुहेरी मीटर ठेवतो.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. गावातली वीज गेली तरी आपले घर उजळलेले राहील, अशी त्यांची कल्पना असते. वस्तुतः तारेला जोडलेला साधा संच अशा वेळी आपोआप बंद पडतो. त्यात यंत्राचा दोष नाही. खांबावर चढलेला वायरमन तार मृत आहे असे समजून तिला हात लावतो. त्याच क्षणी एखाद्या छपरावरून तीत वीज आली, तर त्याच्या प्राणावर बेतेल. अंधारातही दिवा हवा असेल, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर ही निराळी योजना करावी लागते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी ‘सूर्यघर’ योजना सुरू केली. तीन किलोवॅटच्या संचाला तीत ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. मात्र पैशाची तजवीज करण्यापूर्वी शेजारच्या इमारतीची वा झाडाची सावली गच्चीवर केव्हा पडते, हे सुज्ञ गृहस्थाने अवश्य पाहावे. पट्ट्या साखळीसारख्या जोडलेल्या असतील, तर एकीवरची सावली इतरांचेही उत्पन्न घटवू शकते.

ऊन ज्याच्या त्याच्या छपरावर पडते खरे. परंतु त्याची वीज होताच ते घर गावाच्या तारेशी बांधले जाते. दुपारी त्याने दिलेली वीज शेजारच्या घरी खर्च होते, आणि रात्री गावाची वीज त्याच्या दारी येते. हे देणेघेणे समजून घेणाऱ्यालाच या नव्या सोयीचा खरा लाभ होईल.