स्वातंत्र्याच्या लढ्यांतले गुलाम



अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली कीं वॉशिंग्टन व जेफर्सन हीं नांवें पुढें येतात. माणसें थोर खरीं. पण १७७६ च्या जाहीरनाम्यांत सर्व मनुष्यें समान असें लिहिणाऱ्या जेफर्सनच्याच घरीं गुलाम राबत होते! म्हणून आज आम्ही तिघां निराळ्या माणसांविषयीं बोलणार आहोंत.

बोस्टन शहरांत ५ मार्च १७७० रोजीं इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या. पांच जण प्राणास मुकले. त्यांत क्रिस्पस अटक्स हा काळा खलाशी होता. देश जन्मण्यापूर्वींच त्यानें देशासाठीं रक्त सांडलें.

दुसरा व्हर्जिनियांतील जेम्स. हा गुलाम १७८१ सालीं फ्रेंच सेनानी लाफायेत याचा हेर झाला व कॉर्नवॉलिसच्या छावणींत चाकर म्हणून वावरला. गुलामापुढें बोलतांना कोण आवाज हळू करतो? त्याच्या बातम्या लाफायेतच्या कामीं आल्या. १९ ऑक्टोबर रोजीं यॉर्कटाऊन येथें कॉर्नवॉलिसचें सैन्य शरण आलें. हाच कॉर्नवॉलिस पुढें हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. देश सुटला, जेम्स मात्र गुलामच राहिला! धन्याच्या बदली सैन्यांत लढलेल्यांस १७८३ च्या कायद्यानें मुक्ति मिळाली. पण हेर म्हणजे शिपाई नव्हे. लाफायेतच्या दाखल्यासह अर्ज करून १७८७ सालीं तो सुटला, आणि त्यानें लाफायेत हेंच आडनांव लाविलें.

तिसरी मॅसॅच्युसेट्सची बेट. हिला अक्षरओळख नव्हती, पण कान उघडे होते. सर्व माणसें जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असें तेथील १७८० च्या घटनेंत लिहिलें होतें. मग आपणच गुलाम कां, म्हणून तिनें वकील गांठला व कोर्टांत दाद मागितली. १७८१ सालीं पंचांनीं तिला मुक्त ठरवून धन्याकडून तीस शिलिंग भरपाई देवविली. तिनें एलिझाबेथ फ्रीमन असें नांव घेतलें.

साऱ्या अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद व्हावयास १८६५ साल उजाडलें. ती मोडणाऱ्या लोकांसच जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें.

बंधूंनो, जाहीरनामा लिहिणारे शहाणे असतात. पण त्यांतला शब्द खरा करावयास लावतात ते त्यांतून वगळलेले लोक. मुलांस स्वातंत्र्याच्या कथा सांगाल तेव्हां हीं तीन नांवेंही सांगा, एवढेंच आमचें मागणें.