खातं झोपलं म्हणजे काय झालं?

अंजनगाव सुर्जीहून तुमच्या बचत गटांची ताई बोलते आहे. आज हप्ता नाही, व्याज नाही. आज एक कोडं. भाकरी थापता थापता ऐका.

बाप आणि लेक गाडीवरून येत होते. अपघात झाला. बाप जागीच गेला. पोराला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोराचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, "मी याचं ऑपरेशन करू शकत नाही. हा माझा मुलगा आहे."

हे कसं काय?

हे कोडं जगभर सांगतात. आमच्या बैठकीत मी ते टाकलं. नियम असा, की बायांनी प्रश्न विचारायचे आणि मी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. "सावत्र बाप होता का?" नाही. "पोरगा दत्तक देल्ला होता का?" नाही. "बाप मेलाच नसंन!" मेला, बाई. पुष्कळ वेळाने कोपऱ्यातली एक, जी एरवी सही करून गुपचूप निघून जाते, ती बोलली, "अवं, डाक्टर त्याची मायच असंन."

सगळ्या गप्प. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी बाळंतपणाला बाईडॉक्टरकडेच जातो. तरी 'डॉक्टर' म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. आणि हे कोडं सांगताना एक सांभाळा. मराठीत 'म्हणाला' म्हटलं तर खोटं होतं, 'म्हणाली' म्हटलं तर उत्तरच फुटतं. म्हणून 'डॉक्टरांनी म्हटलं' असंच सांगायचं.

अशा आडवाटेने विचार करण्याला एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली 'लॅटरल थिंकिंग' असं नाव दिलं. नाव नवं, पण आपल्या आज्या चुलीपुढे बसून कोडी घालायच्याच की.

इंग्रजी म्हणींमध्येही अशीच फसगत होते. आमच्या शेजारची पोरगी धडा वाचत होती, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'. तिने शब्दाला शब्द लावला, आकाशातून मांजरी अन् कुत्रे पडू राहिले. आजीने टिनाकडे पाहिलं, "टिन फुटंन ना वं!" हसून पोट दुखलं. पण आपण 'मुसळधार' म्हणतो, तेव्हा कोणी आभाळातून मुसळ पडताना पाहिलंय? सोप्या कामाला इंग्रजीत 'केकचा तुकडा' म्हणतात, आपण 'हातचा मळ' म्हणतो. इंग्रजाला हे सांगितलं तर तो साबण आणून देईल.

हसण्यापुरतं हे बरं. पण आमच्या गटातल्या एका मावशीच्या मोबाईलवर बँकेचा इंग्रजी मेसेज आला, अकाउंट 'डॉर्मंट' झालं. नातवाने शब्दकोशात पाहून सांगितलं, "आजी, खातं झोपलं." मावशीने धरलं, खातं मेलं, पैसे बुडाले. कोणाला बोलली नाही. चार महिने घोर लावून घेतला. त्या खात्यात कापूस निंदून साठवलेले पैसे होते.

खरी गोष्ट साधी आहे. दोन वर्षं आपण स्वतः खात्यात काही भरलं-काढलं नाही, की बँक ते निष्क्रिय धरते. बँकेने जमा केलेलं व्याज त्यात मोजत नाहीत. पैसे कुठे जात नाहीत, बचत खात्यावर व्याजही मिळत राहतं. केवायसीची कागदपत्रं घेऊन जा, खातं पुन्हा सुरू होतं आणि त्यासाठी बँकेला फी घेता येत नाही. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तीसुद्धा बँकेमार्फत परत मागता येते.

मावशीने बँकेत पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "साहेब, झोपलं म्हंजे मेलं का? हो की नाही, तेवढं सांगा."

आता पुढच्या बैठकीसाठी एक कोडं. दोन माया आणि दोन लेकी केळी खायला बसल्या. केळी तीनच. तरी प्रत्येकीला अख्खं केळ मिळालं. कसं? प्रश्न विचारा, मी 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणेन. नमस्कार.