इंग्रजी वाक्याचे सांधे

रायपुरातील मराठी घरचे मूल चार भाषांच्या सहवासात वाढते. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत बहुधा हिंदी, आणि पेढी-कचेरीच्या कागदांवर इंग्रजी. १९२६ साली याच शहरी निवर्तलेल्या माधवराव सप्रे यांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्या वाटेवर ‘म्हणून’, ‘तरी’, ‘कारण’ यांना ‘इसलिए’, ‘तो भी’, ‘क्योंकि’ असे जोडीदार सहज भेटतात. इंग्रजीची वाट इतकी सरळ नाही. नामाचा अर्थ कोशात मिळतो. उभयान्वयी अव्ययाचा अर्थ पुष्कळदा त्या वाक्यातच शोधावा लागतो.

‘अनलेस’ हा शब्द पाहावा. त्याच्या पोटातच नकार आहे. भाडेपट्ट्यात लिहिलेले असते की, ‘अनलेस’ भाडेकरूने नोटीस दिली, करार पुढे चालू राहील. म्हणजे नोटीस दिली नाही तरच तो चालू राहील. ‘अनलेस’चा अर्थ ‘जर’ असा घेणारा भाडेकरू राहण्याच्या इच्छेने तत्परतेने नोटीस देईल आणि राहते घर गमावून बसेल. एवढ्याशा शब्दाची ही किंमत!

‘अनटिल’ची अडचण वेगळी. ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत थांबा’ असे आपण म्हणतो. हिंदीतही ‘जब तक वह न आए’ असाच नकार येतो. इंग्रजीला तेथे नकार चालत नाही. दोन्ही भाषांनी एकच सवय लावल्यामुळे विद्यार्थी ‘अनटिल’नंतर हमखास ‘नॉट’ घालतो. त्याला नियम घोकविण्यात फारसा लाभ नाही. ‘तो येईपर्यंत थांबा’ हे घरचेच वाक्य त्याच्यापुढे ठेवावे. त्यात नकार नाही, आणि ‘अनटिल’चा नेमका अर्थ तोच आहे.

‘सिन्स’ तर दुतोंडी. वर्ष किंवा महिना पुढे आला की ‘पासून’ हे उघडच आहे. पण ‘सिन्स’ भाऊ रायपूर सोडून गेला, त्याचे पत्र नाही, अशा वाक्यात काय समजावे? गेल्यापासून पत्र नाही, की गेला म्हणून पत्र नाही? पहिल्यात केवळ काळ सांगितला आहे, दुसऱ्यात दुरावा. अशा वेळी वाक्य तेथेच सोडून मागचे वाक्य पुन्हा वाचावे. तेथे ‘केव्हा’ची चौकशी चालली असेल तर ‘पासून’, ‘का’ची असेल तर ‘म्हणून’.