पुढारी लांब का उभा राहतो?

(घोडेगाव, ता. नेवासा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे.)



मला दिलेला विषय साधा आहे. पुढारी आपल्यापासून लांब का राहतो? मतं मागायला हात जोडून दारात येणारा माणूस निकाल लागला की गाडीच्या काचा वर करून का जातो? प्रश्न साधा, पण त्याची जी उत्तरं चावडीवर ऐकायला मिळतात ती फसवी आहेत. कुणी म्हणतं, सत्ता डोक्यात गेली. कुणी म्हणतं, साहेब चांगले हायेत हो, भोवतीचे चमचे वाईट. कुणी म्हणतं, कामाचा व्याप फार. ही तिन्ही उत्तरं पुढाऱ्याच्या सोयीची. तिन्हींत दोष स्वभावावर जातो आणि व्यवस्था सहीसलामत सुटते.

माझं म्हणणं असं आहे. पुढारी सगळ्यांपासून लांब नसतो. तो कुणाच्या तरी अगदी जवळ असतो. ज्याला त्याला जाब द्यावा लागतो त्याच्या जवळ. ज्याला जाब द्यावा लागत नाही त्याच्यापासून लांब. हे अंतर हिशोबानं ठेवलेलं असतं. तो हिशोब आज इथं मांडू.

लांब कशाला जायचं? हेच गाव घ्या. शुक्रवारचा जनावरांचा बाजार, म्हशी घ्यायला कुठून कुठून माणसं येतात. नेवासा बाजार समितीचा उपबाजार इथं, कांद्याचे लिलाव इथं. त्या आवारात माल आणणारा शेतकरी असतो, माल घेणारा व्यापारी असतो, पोतं पाठीवर घेणारा हमाल असतो आणि खाली बसून कांदा निवडणारी बाई असते. या चौघांवर बाजार चालतो.

आता बाजार समितीचं संचालक मंडळ बघा. कायद्यानं १८ संचालक. ११ सोसायट्यांमधून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ व्यापारी-आडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. अठरात एक! कांदा निवडणाऱ्या बाईचं कुणीच नाही. कुणी म्हणेल, सोसायटीच्या गटात बायांना २ जागा आहेत. आहेत ना. पण सोसायटीत शिरायला सातबारा लागतो. तिचा सातबारा म्हणजे तिचे दोन हात. आणि अनुसूचित जाती-जमातीला? एक जागा आहे, ग्रामपंचायतींच्या गटात. तिथं मतं टाकणार तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचे सगळे सदस्य. म्हणजे खुर्चीवरचा माणूस आपला आणि त्याला निवडणारे हात दुसऱ्यांचे. तो उद्या कुणाचा फोन पहिल्या रिंगला उचलेल? तुम्हीच सांगा.

हे अठराचं गणित ध्यानात ठेवा. वर तालुक्याला, जिल्ह्याला, दिल्लीला हाच पाढा आहे.

कांद्याचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातबंदीच केली. शेतकरी रस्त्यावर उतरला, लिलाव बंद पडले, आणि मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या ऐन निवडणुकीत, बंदी उठली. शेतकऱ्याचं दुखणं खरं होतं, त्याच्या मागणीशी माझं भांडण नाही. पण त्यावरून एवढं कळलं की दिल्ली आंधळी नाही. तिला पाहिजे तेव्हा घोडेगावचा कांदा दिसतो. लिलाव बंद राहिला त्या दिवशी हमालाचा रोज बुडाला, निवडणाऱ्या बाईची चूल थंड राहिली. ती चूल कुणाला दिसली? तिच्या वतीनं जाब विचारणारं कुणी मंडळावर नव्हतं, म्हणून ती दिसली नाही.

आता कारखान्याकडं चला. सहकारी साखर कारखानदारी या जिल्ह्यात जन्मली, प्रवरेच्या काठी. आपल्या तालुक्यात सोनईला मुळा, भेंड्याला ज्ञानेश्वर. सहकारानं या दुष्काळी मुलखात पैसा आणला हे खोटं नाही. पण सभासद कोण? ज्याचा ऊस तो. ऊस कुणाचा? ज्याची जमीन आणि पाणी त्याचा. चेअरमनला सभासदाचं नाव पाठ असतं, कारण वार्षिक सभेत तो उठून बोलू शकतो. ऊस तोडणारा मात्र बीड-पाथर्डीहून येतो, कोपीत राहतो, थंडीत पहाटे उठून मोळ्या बांधतो. तो सभासद नाही. त्याच्या आणि चेअरमनच्या मध्ये मुकादम उभा. कारखान्यातून बँक, बँकेतून शिक्षणसंस्था, तिथून विधानसभा, ही वाट या जिल्ह्यात चांगली मळलेली आहे. त्या वाटेनं वर गेलेल्या माणसाला भूमिहीन कुठं भेटणार? मताच्या दिवशी. बाकी पाच वर्षं भेटायची त्याला गरज काय?

मग तुम्ही म्हणाल, आपला माणूस निवडून दिला की झालं. इथंच खरी मेख आहे.

१९३२ सालचं भांडण याच मेखेवरचं होतं. ब्रिटिश सरकारच्या निवाड्यानं अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा दिल्या, स्वतंत्र मतदारसंघाच्या. गांधीजी येरवड्याला उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ७१ च्या १४८ झाल्या, पण संयुक्त मतदारसंघाच्या. जागा दुपटीवर गेल्या, लगाम मात्र दुसऱ्याच्या हातात गेला. बाबासाहेबांनी त्यातही एक पाचर मारून ठेवली होती. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चौघांतून सगळ्यांनी एक. ती सोयही दहा वर्षांच्या बोलीची. पुढं राज्यघटनेतल्या राखीव जागांत ती राहिली नाही. १९५२ ला खुद्द बाबासाहेब मुंबईत राखीव जागेवर पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पडले. ज्यानं घटना लिहिली त्याला पाडता येतं, तर तुमच्या-माझ्या माणसाची काय कथा!

आज राज्यात लोकसभेच्या ४८ जागांपैकी ५ अनुसूचित जातींना राखीव. त्यातली शिर्डी एक आणि आपला नेवासा तालुका शिर्डीत येतो. २००९ पासून चार निवडणुका झाल्या. चारही वेळा आपल्यातलाच माणूस दिल्लीला गेला. पण तिकीट कुठं ठरतं? मुंबईत. गाड्या, बूथ, माणसं कुणाची लागतात? गावागावातल्या प्रस्थापित गटांची. २००९ ला रामदास आठवले इथून काँग्रेस आघाडीतर्फे उभे होते. पँथरच्या चळवळीतून आलेला, राज्याला ठाऊक असलेला माणूस. तरी पडले. नुसत्या आपल्या मतांवर राखीव जागा निघत नाही, हे प्रत्येक पुढारी त्या दिवसापासून पाठ करून बसलाय. म्हणून तो आपल्या वस्तीत आला तरी त्याची पाठ वस्तीकडं आणि तोंड वाड्याकडं असतं. ज्याचं देणं लागतो तिकडंच माणूस बघतो.

आपल्या घरातलंही बोललं पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला. त्याचे पुढं किती तुकडे झाले ते मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. त्या पुढाऱ्यांवरच्या रागातून १९७२ ला पँथर उभी राहिली, १९७४ ला तीही फुटली. प्रत्येक फुटीला तत्त्वाचं नाव होतं. पण पुढाऱ्याची भाकरी वरून यायला लागली, की त्याला खालच्या माणसाशी भांडण परवडतं, वरच्याशी परवडत नाही. हा नियम निळ्या झेंड्यालाही लागू आहे.

मी एकदा घरकुलाच्या यादीतून नाव का गळालं हे विचारायला एका पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलो होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, असे बंगले बरेच आहेत. आत सोफ्यावर ठेकेदार. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सरपंच, सोसायटीचे चेअरमन. आणि बाहेर लिंबाखाली आम्ही. सकाळी आठला गेलो, दुपारी एकला पीए म्हणाला, "साहेब नगरला गेले, मागच्या दारानं." मला त्या मागच्या दाराचा राग आला नाही. वेगळ्याच गोष्टीनं अंगाला काटा आला. लिंबाखाली बसा असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! सोफा, खुर्ची आणि भुई, ज्यानं त्यानं आपली जागा बरोबर ओळखली होती. आपल्या आज्या-पणज्यांना वेशीबाहेर उभं राहून जोहार घालायला लावलं, तेव्हा अंतर पावलांत मोजून दिलं होतं. आज ते कुणी मोजून देत नाही. आपणच मोजतो आणि आपणच मागं सरकून बसतो. पुढाऱ्याला फुकटात मिळालेलं हे भांडवल आहे.

आणि जवळ येतो तो पुढारी तरी कसला? लग्नात येतो, दहाव्याला येतो, जयंतीला निळा फेटा बांधतो, वस्तीत भाकरी खाऊन फोटो काढतो. म्हातारी माणसं हरखून जातात, "एवढा मोठा माणूस, पण आपल्या घरी जेवला!" अरे, तो जेवला, पण त्यानं नळ दिला का? कधी जवळ यायचं आणि कधी लांब जायचं हे तोच ठरवणार असेल, तर ती जवळीक म्हणजे सुद्धा अंतरच. फक्त गोड.

या जिल्ह्यानं त्याची किंमत मोजली आहे. जानेवारी २०१३ ला इथंच जवळ सोनई भागात मेहतर समाजातल्या तीन तरुणांची जातीपायी हत्या झाली. एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका शाळकरी पोराला मारून टाकलं. खर्ड्याला गाड्यांची रांग लागली, सांत्वनं झाली, आश्वासनं झाली. पण नोव्हेंबर २०१७ ला खटल्याचा निकाल लागला तेव्हा सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार एका दिवसात फितूर होत नाही. गावात राहून, कामावर जाऊन, रोज थोडाथोडा दबत तो फितूर होतो. त्या तीन-साडेतीन वर्षांत त्याच्या दारात रोज जाऊन बसणारा माणूस पाहिजे होता. पहिल्या दिवशीची गाडी पुरत नाही.

मग जवळ राहणं म्हणजे काय, हे आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. अकरा वर्षांनी, डिसेंबर १९३९ ला, तोच प्रश्न घेऊन ते हरेगावला वतनदार महार-मांगांच्या परिषदेला आले. हरेगाव म्हणजे आपल्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातलं. कौन्सिलातला कागद आणि हरेगावचा माणूस यांच्यात त्यांनी फट पडू दिली नाही. दादासाहेब गायकवाड राज्यसभेचे सभासद होते, तरी १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात पुढं राहिले. लाखावर माणसं तुरुंगात गेली. हे पुढारी जवळ होते कारण त्यांची ताकद खालून येत होती, वरून येत नव्हती. आणि त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ ला चोरीच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. चौऱ्याऐंशी वर्षांत तिथल्या झाडाखालून किती पुढारी गेले असतील, त्याचा हिशोब कोण देणार?

अंतर वाढवायची आणखी एक सोपी रीत आहे, निवडणूकच न घेणं. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढची तीन वर्षं तरी कारभार प्रशासकाच्या सहीवर चालला. कारण सांगितलं आरक्षणाच्या खटल्याचं. पण त्या काळात वस्तीतल्या बाईनं गटारीसाठी कुणाचा पदर धरायचा? पदर धरायला सदस्यच नव्हता.

म्हणून माझं सांगणं असं, की "साहेब, आमच्याकडं या" असं म्हणणं आजपासून बंद करा. आपल्याला पुढाऱ्याची भेट नको, त्याचा हिशोब पाहिजे. सुरुवात इथूनच करा. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत. पुढच्या ग्रामसभेला वस्तीतल्या प्रत्येक घरातून दोन माणसं, त्यात एक बाई. पुढं बसा, मागं नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असा नियम आहे. ते किती झाले, कुठं गेले, वाचून दाखवा म्हणावं. नाही वाचलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट लावून. राज्यात हा कायदा २००२ ला आला, देशात २००५ ला. आपण तो अजून पेटीत ठेवलाय. बाजाराच्या आवारातल्या हमालांनी आणि कांदा निवडणाऱ्या बायांनी एक वही घालावी. कुणी किती पोती उचलली, किती पाट्या निवडल्या, किती मजुरी मिळाली, तारीखवार. ती वही घेऊन बाजार समितीच्या सभेच्या दिवशी दारात उभं राहायचं. कुणाच्या पाया पडायचं नाही, कुणाला शिवी द्यायची नाही. फक्त आकडे वाचायचे, मोठ्यानं.

पुढारी लगेच जवळ येईल असं मी म्हणत नाही. आधी तो चिडेल. मग फोडायला बघेल, एखाद्याला कमिटीवर घेईल, एखाद्याला घरकुल देईल. तेव्हा आपण किती जण त्या वहीपाशी टिकून राहतो, त्यावर सगळं आहे. वही उद्याच आणा. चाळीस रुपयांना मिळते.

जय भीम.